उजेडात सोडवलेली कुस्ती

कुस्तीवर लिहा, असं सांगणारा माणूस मी पैलवान होतो असं धरून चालतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी आयुष्यात लंगोट लावून आखाड्यात उतरलेलो नाही. मी लंगोट शिवले. पनवेलच्या बाजारात माझं शिंप्याचं दुकान आहे, आणि पंचवीस वर्षं पनवेल-उरणकडच्या जत्रांमध्ये मी कुस्त्या लावल्या. गेल्या वर्षी चष्म्याचा नंबर वाढला, समोरच्याची मान नीट दिसेना, आणि मी गावकऱ्यांपुढे हात जोडले. म्हटलं, आता दुसरा कोणी बघा.

कुस्त्या लावणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. जत्रेच्या दिवशी दुपारी देवळामागच्या शेतात ढेकळं फोडून, पाणी शिंपडून आखाडा करतात. गावोगावचे पैलवान येतात. कोणी कोणाशी लढायचं हे आधी ठरलेलं नसतं. ते जागेवर ठरवायचं, आणि ते ठरवणारा माणूस मी. दोन गडी शेजारी उभे करायचे, पाहायचे, जोड बरोबरीची वाटली की दोघांचे हात धरून आखाड्याभोवती एक फेरी मारायची. लोकांना पटली तर ते ओरडतात, “लागली!” नाही पटली तर जे ओरडतात ते इथे लिहिता येणार नाही. पैलवानाला पटली नाही तर तो हात सोडवून घेतो. तो त्याचा हक्क, त्यात कमीपणा नाही.

वजनकाटा वगैरे आमच्यात नव्हता. काटा मिठाला, पैलवानाला नजर. आणि नजर मला धंद्यानं दिलेली. माणूस दुकानाच्या पायरीवर चढला की त्याची छाती मला आकड्यातच दिसते. पण छाती फसवते. मी आधी कान बघायचो. ज्याचे कान मोडून गोळा झाले आहेत त्याने मातीत वर्षं काढलेली असतात. मग मान, मग गुडघे. शेवटी फेरीसाठी हात धरला की तळवा काय ते सांगतो. एकदा उरणकडचा एक किडकिडीत कोळी आला. सगळे हसले, “नाना, ह्याला नारळावर लावा.” नारळावरच्या कुस्त्या म्हणजे लहान मुलांच्या, जिंकणाऱ्याला नारळ. मी त्याचा हात धरला आणि माझीच बोटं कळवळली. जन्मभर ओलं जाळं ओढलेलं ते मनगट! त्याला मी चांगल्या तयारीच्या गड्याशी लावला, आणि त्या गड्याचा हात त्याच्या पकडीतून काही केल्या सुटेना. माझी वाहवा झाली. ती वाहवा मला फार आवडायची, हे इथेच कबूल करतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याचं मूळ तिच्यात आहे.

आणखी एक नियम. आमच्या कुस्त्या घड्याळावर नसत, उजेडावर असत. दिवस मावळला की जी कुस्ती चालू असेल ती बरोबरीत सोडवायची. उजेड गेला की नाही, हे सांगण्याचा अधिकार कुस्त्या लावणाऱ्याचा. तो म्हणाला, “उजेड गेला,” की गेला. त्यावर कोणी बोलायचं नाही.

आता जोमाचं सांगतो.

जोमा आला तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. खाडीकाठच्या एका आगरी गावातला, बाप मिठागरात, हाही मिठागरात. वय एकोणीस. टोपल्यांनी मीठ वाहून मान अशी झालेली की डोकं थेट खांद्यातून निघाल्यासारखं वाटे. तालमीचे लक्ष्मण वस्ताद त्याला माझ्याकडे लंगोट आणि सदरा शिवायला घेऊन आले. छातीचं माप घेताना माझी टेप पाठीमागे जुळेना, मला पाठीमागे फेरा घालून जावं लागलं.

“किती वजन रे तुझं?” मी विचारलं.

“मना काय म्हायती? मिठाची दोन पोती उचलतू.”

वस्ताद हसले. लंगोटाचं कापड निवडताना जोमा आपण होऊन म्हणाला, “नाना, मना मुंबयच्या गिरनीत जायाचा हाय. तिथं पैलवानाना नोकरी देतान.” हे खरं होतं. तेव्हा काही गिरण्यांच्या स्वतःच्या तालमी असत. नाव झालेल्या पैलवानाला तिथे बोलावून घेत, खात्यात हलकं काम देत, आणि तो गिरणीच्या नावावर कुस्त्या करी. जोमाने पाय पुढे करून मला तळवा दाखवला. मिठाच्या पाण्यात उभं राहून त्याला भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांत रोज मीठ जायचं. “मेलू तरी परत आगरात पाय टाकनार नाय,” तो म्हणाला. एवढंच त्याला हवं होतं. गदा नको, फेटा नको, मिठातून पाय बाहेर हवे होते.

पहिल्याच जत्रेत मी त्याला एका नाव असलेल्या, पोट सुटलेल्या गड्याशी लावला. सलामी झाली. जोमा पुढे गेला, त्याच्या कमरेला मिठी घातली, उचलला आणि पाठीवर ठेवला. वर आपण बसला. झालं! खालूबाजावाल्याने पिपाणी तोंडाला लावेपर्यंत कुस्ती संपली. लोक वेडे झाले. दुसऱ्या गावी तेच, तिसऱ्या गावी तेच. उचलायचं आणि ठेवायचं, एवढा एकच डाव त्याला येत होता आणि तेवढाच पुरत होता. दोन वर्षांत पनवेलपासून उरणपर्यंत अशी जत्रा राहिली नाही जिथे जोमाला खांद्यावर घेऊन मिरवलं नाही. बायका लेकरांना त्याच्या पायावर घालायच्या.

आता या कुस्त्या ठरवून केलेल्या नव्हत्या. कोणी कोणाला काही दिलं-घेतलं नाही, समोरचा गडी जीव खाऊनच लढत असे. मी फक्त निवडत होतो. ताठ उभा राहणारा, कंबर हाती देणारा, मोठ्या नावाचा आणि उतरत्या वयाचा गडी दिसला की त्याचा हात धरून मी जोमाकडे नेत असे. बुटका, वाकून लढणारा, दमाचा गडी दिसला तर त्याला दुसऱ्याशी लावत असे. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. छाती छातीला जुळली की त्याला जोड बरोबरीची वाटते.

लक्ष्मण वस्तादांना कळत होतं. ते दुकानात येऊन बसत आणि सांगत, “नाना, याला एकदा कोणाच्या तरी खाली पडू दे. पोरगं अजून मातीला पोट लावून झोपलेलं नाही. खालून सुटायचं कसं ते त्याला ठाऊक नाही.”

मी म्हणायचो, “पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी तुला आणखी भीती वाटेल.”

तसंच झालं. जोमा जिंकला की जत्रेची कमिटी खूश, गाव खूश, आणि जोड लावणाऱ्याचा फेटा माझ्या डोक्यावर. शिवाय पोरगा मला आवडत होता. माझ्या दुकानात येऊन शिलाईच्या मशीनशी बसायचा, पायडल मारून बघायचा आणि चाक फिरलं की खुदकन हसायचा. त्याला कोणी पाडावं हे मला बघवलं नसतं. हे आता लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मी ते स्वतःशी कबूल करत नव्हतो. मी म्हणत होतो, गिरणीवाल्यांच्या कानावर नाव जाऊ दे, मग त्याला कोणाशीही लावू.

पैलवान उतरणीला कसा लागतो हे लोक दुरून बघतात, मी मापाच्या वहीत बघितलं. तिसऱ्या वर्षी छाती तेवढीच, कंबर तीन बोटं वाढलेली. चौथ्या वर्षी आणखी दोन. लग्नकार्यात त्याला खुर्ची मिळू लागली होती, सत्कार होत होते. तालमीतल्या हलक्या पोरांशी खेळायला त्याला कंटाळा यायचा. “दोन मिनटाचं काम हाय, त्याला चार तास कसाला घाम गालायचा?” असं तो वस्तादांना म्हणाला. वस्ताद मला म्हणाले, “बघ, तुझीच शिकवण बोलतेय.” पोराचं म्हणणं चुकीचं नव्हतं ना! त्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त कुस्ती मीच कुठे दाखवली होती?

पाचव्या वर्षीची चैत्रातली जत्रा. नारळावरच्या कुस्त्या उरकल्या होत्या, मी जोमासाठी पेणकडचा एक आडदांड गडी हेरून ठेवला होता. तेवढ्यात गर्दीतून एक माणूस आत आला. चाळिशीकडे झुकलेला, बुटका, दोन्ही कान मोडलेले. त्याने सदरा काढून घडी केला, एका म्हाताऱ्याच्या हाती दिला, मूठभर माती उचलली आणि थेट जोमासमोर जाऊन ती त्याच्यापुढे धरली. आमच्याकडे कुस्ती मागायची ही रीत आहे. समोरच्याने ती माती घेतली की जोड लागली, मग मीसुद्धा मोडू शकत नाही. मी धावलोच. पण मी पोचेपर्यंत जोमाने माती घेऊन आपल्या छातीला चोळली होती.

“कोण तुम्ही?” मी त्या माणसाला विचारलं.

“सखाराम. मूळचा कऱ्हाडकडचा. मुंबईला गिरणीत असतो.”

मी त्याचा हात धरला. तळवा कोरडा, थंड. धास्तीचा घाम नावाला नव्हता.

सलामी झाली. जोमा कमरेकडे गेला तर तिथे कंबर नव्हतीच. सखाराम वाकून, जवळजवळ बसून लढत होता. जोमाने तीनदा मिठी घातली, तीनदा हाती वारा आला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. जोमाचा श्वास मला ऐकू यायला लागला. मग सखारामाने खालून पट काढला, म्हणजे पाय ओढला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा जोमा पोटावर मातीत पडला. सखाराम त्याच्या पाठीवर बसला.

बाजा बंद पडला. माणसं उभी राहिली. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, पोटावर पडणं म्हणजे हरणं नव्हे. पाठ लागली तर हरला. वरचा उलटवायला बघतो, खालचा सुटायला बघतो, आणि यात खरी कुस्ती असते. जोमा नुसता पडून होता. हात छातीखाली, तोंड मातीत. सखारामाने मानेवर हात घासला, त्याच्या कानाशी तोंड नेलं, कमरेत हात घातला. मला वाटलं, संपलं. दहा मिनिटं झाली असतील. आणि मग मी पाहिलं की जोमा उजवा गुडघा हळूहळू पोटाखाली घेतोय.

दमलेला गडी गुडघा घेतो तेव्हा त्याची बाजू उघडी पडते. वरच्याला तेवढंच हवं असतं. असं मी शंभर वेळा पाहिलं होतं. गावाकडे पाहिलं, जोमाच्या म्हाताऱ्या बापाकडे पाहिलं, तो डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरून बसला होता. मी आखाड्यात शिरलो, दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, “उजेड गेला! कुस्ती बरोबरीत!”

खाडीच्या बाजूला सूर्य चांगला वर होता. समोरच्या माणसाच्या मिशांचे केस मोजता येतील एवढा उजेड होता. आणि गावाने काय केलं? गावाने टाळ्या वाजवल्या. टोप्या उडवल्या. बाजा वाजायला लागला. एकाही माणसाने आभाळाकडे पाहिलं नाही.

सखाराम उठला. अंगावरची माती झटकली, जोमाच्या पाठीवर एक थाप मारली आणि माझ्यापाशी येऊन शांतपणे म्हणाला, “मास्तर, तुमच्या गावात दिवस लवकर मावळतो.” सदरा घेतला आणि एसटीच्या रस्त्याला लागला. त्याने मानाचा नारळही घेतला नाही. जोमा बराच वेळ मातीतच बसून होता. पोरं त्याला खांद्यावर घ्यायला गेली तर त्याने हात झटकले. मला वाटलं, दमलाय.

आठ दिवसांनी वस्ताद दुकानात आले. बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “तो सखाराम गिरणीच्या तालमीचा वस्ताद. आपल्या पोराला बघायला आला होता.”

माझ्या हातात कात्री होती, ती मी बाजूला ठेवली.

“मी निरोप पाठवून विचारलं,” वस्ताद सांगू लागले. “तो म्हणाला, पोरगा हरला असता तरी नेला असता, जिंकायला मी शिकवतो. पण जिथला पंच सूर्य पाडतो तिथला पैलवान मी नेत नाही. तो उद्या माझ्या तालमीत पडायलाच घाबरेल.”

“जोमाला सांगितलंत?”

“मी नाही सांगणार. ज्याने कुस्ती सोडवली त्याने सांगावं.”

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मला लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही.

पुढचं सगळं लवकर झालं. पैलवानांत बातमी फिरते. वाका, पाच मिनिटं काढा, मग जोमा तुमचा, हे सगळ्यांना कळलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत तो पाच ठिकाणी हरला. त्यातली एकच मी पाहिली. समोर मिसरूड न फुटलेला एक मुलगा होता, दमाचा आणि लवचीक. त्याने जोमाला पोटावर पाडला आणि सावकाश उलटा केला. जोमा उठला, त्या मुलाला त्याने सलाम केला आणि खाली मान घालून बाहेर गेला. लोक कारणं शोधत होते. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे लग्न केलं म्हणून, कोणी म्हणे ताडी प्यायला लागला. ताडी तो प्यायला हे खरं. पण ती हरल्यावर. ज्याला पाच वर्षं एकदाही झुंजू दिलं नाही, त्याला सहाव्या वर्षी झुंज कुठून येणार? अंगात ताकद तीच होती, मी मापं घेतलेली आहेत. तो पुन्हा मिठागरात गेला. मी दरवर्षी कुस्त्या लावत राहिलो. एक फरक केला, उजेड पूर्ण गेल्याशिवाय तोंड उघडलं नाही. त्यावरून दोनदा शिव्या खाल्ल्या.

दोन वर्षांपूर्वी जोमा दुकानात आला. केस पिकायला लागलेले, दंड उतरलेले. ताडी सुटलेली होती. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, त्यासाठी सदरा शिवायचा होता. मी त्याला पाठमोरा उभा केला आणि खांद्यावर टेप लावली. समोर तोंड नव्हतं म्हणून मला धीर आला असेल.

“जोमा,” मी म्हणालो, “तो सखाराम होता ना, तो तुला न्यायला आला होता. गिरणीत.”

“म्हायती हाय.”

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यानंच. पाटीवर बसला व्हता तवा.”

माझी टेप खांद्यावरच राहिली. जोमा भिंतीकडे बघत बोलत होता. रागाने नाही, सावकाश, काल घडल्यासारखं.

“मी तोंड मातीत घालून परलू व्हतू. मना वाटला, आता मेलू. तर ह्यो कानाशी येऊन सांगतंय, घाबरू नको पोरा, गिरनीतून तुला बगाय आलोय. श्वास घे. आता उजवा गुडगा पोटाखाली घे. हल्लू. कंबर वर कर, मी हात ढिला सोडतो, तू सुट.” जोमा थांबला. “म्हनून मी गुडगा घेतला, नाना.”

बारा वर्षं मी समजत होतो की मी एका पोराला पडताना वाचवलं.

“पाच वर्सांत भर कुस्तीत मना कोनी काय शिकवला तां तेवराच,” जोमा म्हणाला. “तुमी हात वर केलंत.”

“माझं चुकलं रे,” मी म्हणालो. “मला वाटलं, तू पडतोयस.”

“परलू असतू तरी चाललां असता. मना परू द्याचा व्हता.”

मी टेप खाली आणून बाहीचं माप घेऊ लागलो. त्याने हात पुढे केला. मनगटापर्यंत भेगा होत्या, काही जुन्या, काही ओल्या. त्याने तो चटकन मागे घेतला, आणि मग पुन्हा पुढे केला.

“बाही जरा लांब ठेवा, नाना,” तो म्हणाला. “नवऱ्याकरची लोका मुंबयची हान. गिरनीतली.”